नकाशात काय नाही?

नकाशा म्हटले की बहुतेकांना शाळेतला भूगोलाचा पेपर आठवतो. भारताच्या कोऱ्या आराखड्यात नद्या भरा, लोहमार्ग दाखवा, सूची द्या, असा तो हमखास गुणांचा प्रश्न. त्या वयात मनात एक समजूत घट्ट बसते, ती अशी की प्रत्येक प्रदेशाचा एक खरा नकाशा असतो आणि आपण त्याची कमी-अधिक बरोबर नक्कल करीत असतो. वास्तविक असा एकमेव खरा नकाशा कोठेच नसतो. नकाशा हे कोणाच्या तरी प्रश्नाचे उत्तर असते आणि ज्याने तो प्रश्न विचारलेला नसतो, त्याच्या उपयोगाचे त्यात फारसे काही सापडत नाही. म्हणूनच नकाशात काय आहे यापेक्षा काय नाही, हे पाहणे पुष्कळदा अधिक उद्बोधक ठरते.

वर्गातल्या भिंतीवरचा जगाचा नकाशाच घ्या. तो बहुधा मर्केटरच्या पद्धतीने काढलेला असतो. गेरार्डस मर्केटरने १५६९ मध्ये ही पद्धत योजली ती खलाशांसाठी. होकायंत्राची एक दिशा धरून जहाज हाकारायचे, तर तो मार्ग कागदावर सरळ रेषेत उमटावा, ही त्यांची गरज होती. ती भागली, पण त्यासाठी ध्रुवांकडचे प्रदेश अवाढव्य ताणावे लागले. त्यामुळे आफ्रिका आणि ग्रीनलंड जवळजवळ सारखेच दिसतात. प्रत्यक्षात आफ्रिका ग्रीनलंडच्या सुमारे चौदा पट मोठी आहे. खलाशाला याचे काहीच सोयरसुतक नव्हते. तोच कागद वर्गातल्या भिंतीवर टांगला गेला, तेव्हा मात्र कोणता देश केवढा, याचा चुकीचा धडा पिढ्यान्पिढ्या दिला गेला.

याच्या उलट उदाहरण लंडनच्या भुयारी रेल्वेचे. हॅरी बेक या आरेखकाने १९३१ मध्ये तिचा असा नकाशा काढला की त्यातून अंतरे आणि वळणे जवळजवळ हद्दपार झाली. फक्त सरळ व तिरप्या रेषा, स्थानके आणि गाडी बदलण्याची ठिकाणे. १९३३ मध्ये तो छापला गेला आणि प्रवाशांनी उचलून धरला, कारण कोणत्या रस्त्याखालून आपण जात आहोत हे त्यांना नकोच होते. मुंबईच्या लोकलमधली स्थानकांची सरळ पट्टी त्याच जातकुळीतली. शास्त्रीय नजरेने ती पूर्णपणे 'चूक', आणि दादरला उतरणाऱ्यासाठी पूर्णपणे बरोबर. लग्नपत्रिकेच्या पाठीमागे छापलेला कार्यालयाचा नकाशाही तसाच. त्यात सारे शहर एक चौक, एक पेट्रोल पंप आणि एक मारुतीचे देऊळ एवढ्यात आटोपते, आणि तरीही वऱ्हाड वेळेवर पोहोचते.

येथवर वगळणे सोयीचे होते. जमिनीच्या नकाशात मात्र वगळण्याची किंमत माणसांना मोजावी लागते. मुंबई इलाख्यात शेतजमिनीची पद्धतशीर पाहणी गोल्डस्मिड आणि विंगेट या अधिकाऱ्यांनी १८३६ च्या सुमारास पुणे जिल्ह्यातील इंदापूर तालुक्यापासून सुरू केली. मोजणीची साखळी ३३ फुटांची असे आणि तिचे सोळा भाग म्हणजे सोळा आणे. एक साखळी लांब आणि एक साखळी रुंद जमीन म्हणजे एक गुंठा, असे चाळीस गुंठे म्हणजे एक एकर. आज मुंबई-पुण्यात बसून 'दोन गुंठे' घेणारा माणूस नकळत त्या साखळीच्याच हिशेबात बोलत असतो. या मोजणीतून गावोगावचे नकाशे तयार झाले. शेताची हद्द, बांध, ओढे, शिवेचे दगड त्यात बारकाईने आले. बांधाचा वाद उपस्थित झाला की भूकरमापकाला आजही जुने अभिलेख उघडावे लागतात.

पण या नकाशांच्या मध्यभागी एक मोकळी जागा राहिली. सारा शेतीवर होता, घरांवर नव्हता. त्यामुळे जेथे माणसे राहतात ते गावठाण मोजण्याचे सरकारला कारण नव्हते. त्याची बाहेरची रेषा काढली गेली, आत काय आहे ते बहुतेक गावांत कागदावर आलेच नाही. परिणामी शेताला सातबारा आणि पिढीजात वाड्याला मात्र मोजणीचा कागद नाही, अशी विचित्र अवस्था दीर्घकाळ टिकली. घर तारण ठेवून बँकेकडून कर्ज मागणाऱ्याला तिचा अर्थ नेमका कळत असे. ड्रोनच्या साहाय्याने गावठाण मोजण्याचा प्रयोग पुरंदर तालुक्यातील सोनोरी येथे झाला. पुढे एप्रिल २०२० मध्ये केंद्र सरकारने देशभरासाठी 'स्वामित्व' योजना जाहीर केली आणि मिळकत पत्रिका हाती पडू लागल्या. अर्थात नकाशा आला की ओटा कोणाचा, बोळ किती फुटांचा, हे प्रश्नही पाठोपाठ येतातच. जे आजवर सामोपचाराने संदिग्ध ठेवले होते, त्यावर रेघ ओढावी लागते. शहरवासीयांनी याकडे खेड्याचा विषय म्हणून पाहू नये. मुंबईतील कोळीवाड्यांच्या सीमांकनाची मागणी याच जातीची आहे. हद्द नकाशावर नसेल, तर मासळी सुकवण्याच्या जागेवर हक्क सांगायचा तरी कशाच्या आधारावर?

नकाशा आणि सत्ता यांचे नाते आपल्या देशात फार जुने आहे. ईस्ट इंडिया कंपनीच्या काळात, १७६७ मध्ये भारतीय सर्वेक्षण विभागाची मुहूर्तमेढ रोवली गेली. १८०२ मध्ये विल्यम लॅम्बटनने मद्रासजवळ आधाररेषा मोजून त्रिकोणांची जी साखळी सुरू केली, ती पुढे हिमालयापर्यंत गेली. त्याच कामातील आकडेमोडीतून राधानाथ सिकदार या बंगाली गणितज्ञाने १८५२ मध्ये 'शिखर क्रमांक पंधरा' हे जगातील सर्वोच्च असल्याचे दाखवून दिले. त्याला नाव मात्र मिळाले जॉर्ज एव्हरेस्ट या निवृत्त सर्वेक्षण प्रमुखाचे.

हिमालयापलीकडे तिबेटमध्ये गोऱ्या सर्वेक्षकांना मज्जाव होता. तेव्हा कुमाऊंच्या डोंगरी भागातील नैनसिंह रावत या शिक्षकाला यात्रेकरूच्या वेषात पाठवण्यात आले. त्याच्या हातातील माळेत १०८ ऐवजी १०० मणी होते. ठरावीक लांबीची शंभर पावले झाली की एक मणी सरकवायचा, म्हणजे माळेचा एक फेरा दहा हजार पावलांचा. प्रार्थनाचक्रात मंत्रांच्या जागी टिपणांचे कागद. पाणी किती तापमानाला उकळते, यावरून तो उंची काढीत असे. १८६६ च्या जानेवारीत तो ल्हासाला पोहोचला. १८७७ मध्ये लंडनच्या रॉयल जिऑग्राफिकल सोसायटीने त्याला सुवर्णपदक दिले. जप करणाऱ्या बोटांनी मोजलेला हा नकाशा साम्राज्याच्या प्रश्नाचे उत्तर होता, हे खरेच. पण त्यासाठी हजारो मैल पाय झिजवले ते एका डोंगरी गावच्या मास्तरने, हेही तितकेच खरे.

स्वातंत्र्यानंतर नकाशे आपले झाले, पण मोकळे झाले नाहीत. सीमेलगतच्या आणि किनाऱ्यापासून सुमारे ८० किलोमीटरच्या पट्ट्यातील सविस्तर स्थलनिर्देशक नकाशे सामान्य नागरिकाला परवानगीशिवाय मिळत नसत. मुंबई आणि सारे कोकण त्या पट्ट्यात येते. रायगड किल्ल्याचा नकाशा पाहण्यासाठीही कागदोपत्री खटपट करावी लागे. संरक्षणाची काळजी रास्तच आहे. परंतु उपग्रहाची छायाचित्रे संगणकावर कोणालाही दिसू लागली, तेव्हा या निर्बंधांचा काच मुख्यतः आपल्याच विद्यार्थ्यांना, नियोजनकारांना आणि गिर्यारोहकांना उरला. २००५ च्या राष्ट्रीय नकाशा धोरणाने संरक्षणासाठी एक आणि जनतेसाठी एक अशा दोन मालिका केल्या. २०१६ मध्ये वारे उलटे फिरले. परवान्याविना भूस्थानिक माहिती गोळा करणाऱ्यास १०० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद असलेला विधेयकाचा मसुदा पुढे आला. टीकेनंतर तो मागे पडला. २०१७ मध्ये सर्वेक्षण विभागाने खुल्या मालिकेतील नकाशे संकेतस्थळावर मोफत उपलब्ध केले, आणि फेब्रुवारी २०२१ मध्ये भारतीय संस्थांसाठी नकाशे तयार करण्यावरील पूर्वपरवानगीची अट उठली.

आता नकाशा काढणे ही सरकारची किंवा मोठ्या कंपन्यांची मक्तेदारी उरलेली नाही. २००४ मध्ये इंग्लंडमध्ये सुरू झालेला 'ओपनस्ट्रीटमॅप' हा लोकांनीच भरलेला, कोणालाही वापरता येणारा नकाशा. जानेवारी २०१० मध्ये हैतीत भूकंप झाला, तेव्हा राजधानीचा धड तपशीलवार नकाशा मदतपथकांकडे नव्हता. जगभरच्या स्वयंसेवकांनी घरबसल्या उपग्रहचित्रांवरून रस्ते आणि तंबूंच्या वस्त्या रेखाटल्या आणि तो नकाशा बचावकार्यात वापरला गेला. यातील पुष्कळांनी हैती कधी पाहिलेही नसेल.

गरज नसताना केवळ हौसेने नकाशा वाचणारेही कमी नाहीत. सह्याद्रीत भटकणाऱ्यांना ४७ एफ हा क्रमांक परिचित असतो. पुण्यापासून रायगडापर्यंतचा मुलूख त्याच्या सोळा कागदांत विभागलेला आहे. दोन सेंटिमीटरला एक किलोमीटर या प्रमाणाचा तो कागद पसरला की समोच्च रेषा जेथे दाटीवाटीने येतात तेथे कडा, जेथे विरळ होतात तेथे माची, आणि दोन शिखरांमध्ये त्या आत वळतात तेथे खिंड. सवय झालेल्या डोळ्यांना घरच्या टेबलावर बसून घाट उतरता येतो. तरीही टाक्यातले पाणी फेब्रुवारीनंतर टिकते का आणि कोणत्या वाडीत मुक्कामाला ओसरी मिळते, हे कागद सांगत नाही. तेवढ्यासाठी समासात पेन्सिलीने लिहिलेल्या नोंदी असतात आणि जुन्या भटक्याकडून नव्याकडे जाताना त्या कागदाची किंमत त्या नोंदींवरच ठरते.