सुतकातला वाडा आणि कॅम्पातली बरॅक

नाटक मनाला भिडलं की प्रेक्षकाला पहिली शंका येते ती ही, की हे लेखकाच्याच घरात घडलेलं असणार. उल्हासनगरात तर ही शंका जास्तच रास्त. कॅम्प दोनमधल्या कुठल्याही जुन्या सिंधी घरात तीन अंकांत मावणार नाही एवढं आयुष्य पडून आहे. पण नुसतं आयुष्य पडून असलं म्हणून नाटक होत नाही. मग ते कशानं होतं? याचं उत्तर शोधायचं तर महेश एलकुंचवारांकडे जावं.

एलकुंचवारांचा जन्म १९३९ सालचा, यवतमाळ जिल्ह्यातल्या पारव्याचा. घराणं जमीनदारांचं, मूळचं तेलुगू ब्राह्मण. शिकण्यासाठी अगदी लहान वयात त्यांचं घर सुटलं, आणि पुढे नागपुरात ते इंग्रजीचे प्राध्यापक झाले. नाटक त्यांच्याकडे आलं तेही आडवाटेनं. सिनेमाचं तिकीट मिळालं नाही म्हणून ते नाटकाला जाऊन बसले, आणि ते निघालं तेंडुलकरांचं ‘मी जिंकलो! मी हरलो!’. मग लिहिणं सुरू झालं. १९६७ साली ‘सत्यकथे’त ‘सुलतान’ ही एकांकिका आली, पुढे ‘होळी’, ‘गार्बो’, ‘वासनाकांड’, ‘पार्टी’. यातल्या एकातही घरचा वाडा नाही. जे सगळ्यांत जवळचं, त्याला त्यांनी इतकी वर्षं हातच लावला नव्हता.

‘वाडा चिरेबंदी’ रंगमंचावर आलं १९८५ साली. धरणगावकर देशपांड्यांच्या घरी तात्याजी गेलेत, सुतक चालू आहे, तेराव्याच्या खर्चाची चिंता आहे आणि दाराशी बंद पडलेला ट्रॅक्टर गंजतो आहे. मुंबईहून मुलगा सुधीर आला आहे. घर सोडून शहरात गेलेला हा मुलगा म्हणजेच लेखक, असं म्हणण्याचा मोह होतो. बाहेरून पाहिलं तर जुळतंही. पण नाटक सुधीरला कुठंही झुकतं माप देत नाही. मला विचाराल तर एलकुंचवार सुधीरपेक्षा प्रभामध्ये अधिक सापडतात. तिला शिकायचं होतं, घरानं शिकू दिलं नाही, आणि आता ती धारदार जिभेनं सगळ्यांचे हिशेब मांडते आहे. लेखक घराबाहेर पडू शकला. न पडता तर आत काय झालं असतं, ते प्रभाच्या वाट्याला आलं आहे. चांगला नाटककार स्वतःला असा वाटून टाकतो, आणि बऱ्याचदा मोठा वाटा भलत्याच पात्राला देतो.

‘आत्मकथे’त तर त्यांनी हा प्रश्नच थेट नाटकात आणला. एक म्हातारा नामवंत लेखक तरुण अभ्यासक मुलीला आपलं आयुष्य सांगतो आहे. आणि जे घडलं, जे कादंबरीत लिहिलं आणि जे आज आठवतं आहे, त्यांचा एकमेकांशी मेळ बसत नाही. लेखकाचं चरित्र हातात धरून नाटकाचा अर्थ लावायला निघालेल्यांनी आधी हे नाटक वाचावं.

दुसरं उदाहरण आपल्याच लोकलच्या रुळांवरचं आहे. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली गिरणी संप सुरू झाला १८ जानेवारी १९८२ला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात उतरले. गिरणगावात वाढलेल्या जयंत पवारांचं ‘अधांतर’ आलं १९९७ साली, म्हणजे पंधरा वर्षांनी. त्यात भाषणं नाहीत, मोर्चे नाहीत. आहे ती चाळीतली एक खोली, आई आणि तिची दिशाहीन झालेली मुलं. त्यातला एक मुलगा लेखक होऊ पाहतो, आणि पवार त्याचीही गय करत नाहीत. नाटकातल्यासारखीच कितीतरी कुटुंबं पुढे खोल्या विकून कल्याण, अंबरनाथ, बदलापूरकडे सरकली. आज आपल्या शेजारी राहतात ती.

अमेरिकेच्या युजीन ओनीलनं तर १९१२ सालातल्या आपल्या घराचं नाटक १९४१मध्ये पुरं केलं, आणि आपल्या मृत्यूनंतर पंचवीस वर्षं ते छापू नये असं बजावून ठेवलं. बायकोनं ऐकलं नाही, हे आपलं नशीब.

म्हणजे अंतर लागतं. काळाचं किंवा गावाचं. आता उल्हासनगरचंच घ्या. दुसऱ्या महायुद्धातल्या इथल्या लष्करी छावणीत फाळणीनंतर सिंधमधून आलेले निर्वासित उतरले, आणि ८ ऑगस्ट १९४९ला राजगोपालाचारींच्या हस्ते या वसाहतीची पायाभरणी झाली. एकेका बरॅकीत गोणपाट नाहीतर साड्या बांधून कुटुंबं शेजारी शेजारी राहिली. कुणाचं भांडण, कुणाचं बाळंतपण, कुणाचं रात्रीचं रडणं, पलीकडच्याला सगळं ऐकू यायचं. त्या पिढीची उमेद दुकानं आणि घरं उभी करण्यात गेली. सिंधी साहित्यात हे विस्थापन आलं आहे. मराठी रंगमंचावर मात्र ही बरॅक मी अजून पाहिलेली नाही.

आता तिसरी-चौथी पिढी नेहरू चौकातून कॉलेजला जाते, मराठी बोलते, एकांकिका बसवते. पाऊणशे वर्षांचं अंतर त्यांना आयतं मिळालं आहे. घरची भाषा सिंधी, मग मराठीत कसं लिहू, असं ज्याला वाटत असेल, त्यानं लक्षात ठेवावं की वऱ्हाडातला तो अस्सल मराठी वाडा तेलुगू घराण्यातल्या माणसानं लिहिला आहे. तेव्हा पुढच्या स्पर्धेसाठी संहिता शोधणाऱ्यांनो, आधी घरातल्या सगळ्यांत म्हाताऱ्या माणसाजवळ जाऊन बसा. त्यांना फाळणीबद्दल विचारू नका. गोणपाटाच्या पलीकडे कोण राहायचं, ते विचारा.