ज्योतीची परीक्षा : गॅस क्रोमॅटोग्राफीतील डिटेक्टरची निगा

आसवारिष्टांचे संधान पूर्ण झाले की नाही हे पाहण्यासाठी पात्राच्या तोंडाशी जळती काडी नेण्याची रीत आपणां सर्वांस परिचित आहे. काडी विझली तर कर्बवायू अद्याप निघत आहे. तेवत राहिली तर संधान संपले. आज त्याच अरिष्टातील मद्यार्क मोजणारे फ्लेम आयोनायझेशन डिटेक्टर हे साधनही ज्योतीवरच चालते. ती ज्योत मलिन झाली तर काय होते, याचा अनुभव येथे नमूद करतो.

काही वर्षांपूर्वी आमच्या अश्वगंधारिष्टाच्या एका बॅचचा अहवाल बाहेरील प्रयोगशाळेतून आला. मद्यार्क अपेक्षेच्या निम्म्याहून कमी होता. गंध, चव व काडीची परीक्षा यांत मात्र दोष नव्हता. बॅच टाकून देण्यापूर्वी प्रमाणित इथेनॉलचे द्रावण पुन्हा तपासण्याची विनंती केली. त्याचेही शिखर तितकेच खुजे आले! दोष अरिष्टात नसून डिटेक्टरमध्ये होता, आणि गणित जुन्या प्रमाण-आलेखावरून मांडले गेले होते.

या डिटेक्टरमध्ये हायड्रोजन व हवेच्या ज्योतीत सेंद्रिय द्रव्य जळून आयन निर्माण होतात. ते संग्राहक नळीवर जमून सूक्ष्म विद्युतप्रवाह देतात. स्तंभातील सिलिकॉनयुक्त लेप झिजून ज्योतीत पांढरी सिलिका साचते; काही द्रावकांमुळे काजळी धरते. परिणामी आधाररेषा थरथरते, अचानक काटे उमटतात, संवेदनशीलता घटते.

निदान क्रमाने करावे. प्रथम ज्योत पेटलेली आहे का ते पाहावे : निर्गममुखावर थंड आरसा धरल्यास त्यावर बाष्प जमते. मग वायूंचे प्रवाह मोजावेत. सामान्यतः हायड्रोजन मिनिटास ३० ते ४० व हवा ३०० ते ४०० मिलिलिटर असते. त्यानंतर हायड्रोजन बंद करून स्तंभ काढावा, डिटेक्टरचे तोंड बुचाने घट्ट बंद करावे व पुन्हा ज्योत पेटवावी. थरथर थांबली तर दोष स्तंभात वा इंजेक्टरमध्ये; कायम राहिली तर डिटेक्टरमध्ये किंवा वायूंच्या शुद्धतेत.

स्वच्छतेपूर्वी हायड्रोजन, हवा व वीज बंद करून यंत्र पूर्ण थंड होऊ द्यावे. संग्राहक नळी सौम्य साबणाच्या पाण्यात अल्ट्रासोनिक पात्रात धुवावी, ऊर्ध्वपातित पाण्याने व शेवटी मिथेनॉलने खळबळून वाळवावी. जेटचे छिद्र बारीक तारेने हलक्या हाताने मोकळे करावे. आत ओरखडा पडला तर जेट बदलणेच इष्ट. सुटे भाग उघड्या बोटांनी हाताळू नयेत. जुळणीनंतर तापमान १५० अंश सेल्सिअसच्या वर नेऊनच ज्योत पेटवावी, अन्यथा आत पाणी जमते.

निदानपरिवर्जन येथेही श्रेष्ठ. गूळमिश्रित अरिष्ट थेट टोचू नये. त्यातील शर्करा इंजेक्टरमध्ये करपते. आधी ऊर्ध्वपातन करावे. एन-प्रोपॅनॉलसारखे अंतर्गत प्रमाणद्रव्य वापरल्यास संवेदनशीलतेतील चढउतार बऱ्याच अंशी निरस्त होतात.

फार्मसीचालकांनी अहवालासोबत त्याच दिवसाच्या प्रमाणद्रावणाचा आलेख अवश्य मागावा. आमची ती बॅच डिटेक्टरच्या स्वच्छतेनंतरच्या फेरतपासणीत योग्य ठरली. याउलट, मद्यार्क मर्यादेबाहेर गेलेली बॅच असा मलिन डिटेक्टर निर्दोषही ठरवू शकतो. आणि ते औषध रुग्णाच्या हाती जाते.