लहान माशांचा कळप आणि कांचेची टाकी

अलीकडे आमच्या पुष्कळ शेतकरी बंधूंच्या सोप्यांत कांचेची मत्स्यपेटी दिसूं लागली आहे. मुलांच्या हट्टानें ती घरीं येते, आठ पंधरा दिवस सर्व कुटुंब तिच्यासमोर कौतुकानें बसतें, आणि पुढें एकेक मासा मरत जाऊन दोन महिन्यांच्या आंत रिकामी पेटी माळ्यावर चढते. दोष दुकानदारास दिला जातो. क्वचित् तो योग्यहि असेल. परंतु दोन वेळां हात पोळून घेतल्यावर आम्हांस जें कळलें तें निराळें आहे. दीड दोन इंचांचे हे मासे जन्मतःच झुंडीनें राहणारे प्राणी होत, आणि आपण ते सुटे आणतों.

बैल जोडीनें घ्यावयाचे ही आपली पिढ्यान् पिढ्यांची संवय. त्यामुळें दुकानांत गेल्यावर "याची एक जोडी द्या, त्याची एक जोडी द्या" असेंच तोंडून निघतें, आणि सहा जातींचे बारा मासे पेटींत येतात. एखाद्या धनगरास विचारून पहावें. कळपापासून तोडून एकटें बांधलेलें मेंढरूं ओरडतें, दोरीशीं झगडतें, पुढ्यांतला चारा टाकतें. त्यास रोग नसतो, सोबत नसते. माशास ओरडतां येत नाहीं, एवढाच भेद. तो पाणवनस्पतीआड दबून बसतो, त्याचा रंग उतरतो, खाण्यास तो उशिरां येतो, आणि दारापुढून माणूस गेलें तरी बिचकून कांचेवर धडक घेतो.

या माशांचें शरीर लहान, शस्त्र कांहींच नाहीं. संख्या हेंच त्यांचें संरक्षण. डोळे पुष्कळ असल्यानें शत्रु लवकर दिसतो, आणि एकाच रूपाच्या पन्नास माशांतून नेमका एक हेरणें शिकारी माशास कठिण जातें. डोळ्यांच्या जोडीस अंगाच्या दोन्ही बाजूंवर संवेदनांची एक रेषा असते. शेजाऱ्याच्या हालचालीनें पाण्यांत उठणारी सूक्ष्म लाट तीवरून कळते व सारा थवा एकदम वळतो. इ. स. २०१० मध्यें ब्रिटनमधील संशोधकांनीं निऑन टेट्रा, टायगर बार्ब वगैरे चार जातींचे मासे एक, दोन, पांच व दहा अशा संख्येनें ठेवून पाहिले. एकंदरींत मोठ्या समूहांतील मासे अधिक स्वस्थ आढळले. संख्या कमी तेथें बिचकणें व भांडणें अधिक. टायगर बार्ब दुसऱ्या माशांचे पर कुरतडतो अशी जी तक्रार ऐकूं येते, तीहि त्याचे दहाजण एकत्र ठेवल्यास पुष्कळ कमी होते. कारण मग त्यांची कुरबुर आपसांत चालते.

तात्पर्य, जाती दोन किंवा फार तर तीन घ्याव्या, पण प्रत्येकीचे निदान आठ मासे असावे. तीन फूट लांब, सवा फूट रुंद व तितक्याच उंचीची टाकी सुमारें १३० लिटर पाणी धरते. तींत बारा झेब्रा डॅनिओ व सहा रोझी बार्ब सुखानें राहतात. रोझी बार्ब अंगानें मोठा व धीट असल्यानें आठांचा नियम त्याच्यापुरता आम्हीं सैल केला आहे. टाकी उंचीपेक्षां लांबीस अधिक हवी, कारण डॅनिओ दिवसभर धांवणारा मासा आहे. तो उड्याहि मारतो, म्हणून झांकण अवश्य.

आतां कोणती जात घ्यावी हें दुकानांतील रंगावरून ठरवूं नये, आपल्या विहिरीस विचारावें. ज्या पाण्यांत डाळ लवकर शिजत नाहीं, साबणास फेंस येत नाहीं, आणि बंबास पांढरें किटण चढतें, तें जड पाणी. काळ्या रानांतील पुष्कळ विहिरींचें पाणी असेंच असतें. निऑन टेट्रा हा मूळचा दक्षिण अमेरिकेंतील ॲमेझॉन नदीच्या वरच्या खोऱ्यांतला. इ. स. १९३६ मध्यें मायर्स या शास्त्रज्ञानें त्याचें वर्णन प्रसिद्ध केलें. तेथील ओढ्यांचें पाणी कुजक्या पाल्यानें चहासारखें तांबूस, किंचित् आंबट, आणि चुन्याचा अंश जवळजवळ नसलेलें असतें. हल्लीं विकले जाणारे बहुतेक निऑन पैदास केलेले असल्यानें मध्यम पाणी सोसतात, तथापि फार जड पाणी त्यांस मानवत नाहीं. आम्हीं प्रथम आणलेले दोन निऑन चवथ्या दिवशीं मेले. जड पाणी, नवी टाकी आणि एकटेपणा, तिन्ही दोष एकदम घडले होते.

उलट झेब्रा डॅनिओ हा आपल्याच उपखंडांतला. हॅमिल्टन यांनीं इ. स. १८२२ मध्यें प्रसिद्ध केलेल्या गंगेच्या माशांवरील ग्रंथांत त्याचें व रोझी बार्बचेंहि वर्णन आहे. भातखाचरें, पाट, संथ ओढे हें डॅनिओचें घर. जड पाणी त्यास चालतें, आणि पठारावरील थंडींत पाणी १८ अंश सेंटिग्रेडपर्यंत उतरलें तरी पाणी तापविण्याच्या यंत्राची गरज पडत नाहीं. जगभरच्या प्रयोगशाळांत आज हाच मासा संशोधनासाठीं पाळतात. दुकानांत त्याची किंमत निऑनपेक्षां सहसा कमी असते, म्हणून गिऱ्हाइक त्याकडे पहात नाहीं, हें नवल होय.

नवी टाकी भरून त्याच दिवशीं मासे सोडूं नयेत. याचें कारण समजण्यास शेतकऱ्याइतका लायक दुसरा कोणी नाहीं. माशाच्या कल्ल्यांवाटे व विष्ठेंतून अमोनिया सुटतो. जमिनींत ज्याप्रमाणें सूक्ष्म जंतु अमोनियाचें प्रथम नायट्राइट व मग नायट्रेट करितात, त्याचप्रमाणें टाकींतील वाळूवर व गाळणीच्या स्पंजावर हेंच काम चालतें. विनोग्राड्स्की यांनीं इ. स. १८९० च्या सुमारास हे नत्रकारी जंतु मातींतूनच वेगळे केले होते. अमोनिया व नायट्राइट दोन्ही माशांस विष. नायट्रेट त्यामानानें सौम्य. नव्या टाकींत हे जंतु पुरेसे वाढण्यास चार ते सहा आठवडे लागतात. चुनखडीच्या जमिनींत युरिया वर फेंकल्यास बराच नत्र वायुरूपानें उडून जातो हें आपण जाणतोंच. तेंच रसायन येथें आहे. पाण्याचा सामू ८ च्या वर असला कीं अमोनियाचा विषारी भाग वाढतो; म्हणजे आपल्या विहिरीच्या पाण्यांत घाई अधिक महाग पडते. ओळखीच्या जुन्या टाकींतील मळका स्पंज मागून आपल्या गाळणींत ठेवल्यास हा काळ पुष्कळ कमी होतो. विरजणासारखेंच तें. गाळणी नळाखालीं चोळून धुणें म्हणजे तें विरजण फेंकणें होय. ती टाकीच्याच काढलेल्या पाण्यांत पिळून घ्यावी. नळाच्या किंवा ब्लीचिंग पावडर टाकलेल्या विहिरीच्या पाण्यांत क्लोरीन असतो, म्हणून तें उघड्या भांड्यांत एक दिवस ठेवून मग वापरावें.

आमचा दुसरा कळप मात्र निराळ्याच कारणानें गेला. कपाशीवर सायपरमेथ्रिन फवारून आलेल्या चिरंजिवांनीं हात नीट न धुतां टाकींत बुडवून तरंगतें पान काढलें. संध्याकाळपर्यंत दहाहि डॅनिओ पाठीवर तरंगत होते. या वर्गांतील कीटकनाशकें माशांस अत्यल्प प्रमाणांतहि मारक आहेत, मोरचूदहि तसेंच. फवारणीची बादली, मग, नळी यांतील कांहींहि टाकीकडे जाऊं देऊं नये. टाकीचें सामान वेगळें ठेवावें, आणि फवारणीच्या हंगामांत टाकींत हात घालण्याचें काम घरांतील एकाच माणसाकडे द्यावें. आमच्याकडे तें आतां सूनबाईंकडे आहे, आणि तेव्हांपासून मासा मेलेला नाहीं.

खाणें दिवसांतून दोनदां, दोन मिनिटांत संपेल इतकेंच. वीज गेल्यास हवेचा पंप बंद पडतो. मासे पृष्ठभागीं तोंड काढूं लागले तर तांब्यानें पाणी उंचावरून वारंवार टाकींतच ओतावें. टाकी मोडावयाची झाल्यास मासे दुसऱ्या पाळणाऱ्यास द्यावे, ओढ्यांत सोडूं नयेत. डांसांसाठीं इ. स. १९२८ मध्यें या देशांत आणलेला गंबुशिया आज देशी लहान माशांच्या मुळावर आला आहे.

कळप स्थिरावल्याची खूण अंड्यांवरून मिळते. पहांटे उजाडतांच नर पोटुशा मादीमागें धांवतात व अंडीं तळाशीं विखुरतात. आईबापच तीं खाऊन टाकतात. पिलें हवीं असल्यास वेगळ्या भांड्याच्या तळाशीं गोट्यांचा थर द्यावा व रात्रीं दोन माद्या आणि तीन नर त्यांत ठेवावे. सकाळीं मोठे मासे काढून घ्यावे. गोट्यांच्या फटींतील अंडीं दोन तीन दिवसांत फुटतात. पाणी दर आठवड्यास चौथा हिस्सा बदलावें. काढलेलें पाणी परसांतील भाजीस घालावें, कारण त्यांत नायट्रेट असतें. माशांच्या औषधासाठीं टाकींत मीठ टाकलें असेल त्या आठवड्यांत मात्र तें वाफ्यावर नेऊं नये.