प्रश्नोत्तराचा तास आणि गृहस्थाचा संसार

संसदेचें अधिवेशन सुरू झालें म्हणजे आपल्या घरांतून त्याची वार्ता बहुधा एकाच दृष्टीनें वाचली जाते. सभागृहांत कोण कोणावर ओरडला, कोण रागानें उठून चालता झाला, हा मजकूर मोठ्या आवडीनें वाचला जातो. आणि अमुक मंत्र्यांनीं अमुक प्रश्नास उत्तर देतांना अमुक आकडा सांगितला, ही चार ओळींची बातमी नजरेखालून निसटून जाते. आमच्या मतें हा क्रम उलटा असावयास पाहिजे. घरांतील मुलास नोकरी लागेल कीं नाहीं, धाकट्या बंधूनें कर्ज काढून उभारलेला लहानसा कारखाना तग धरील कीं नाहीं, शेतांतील माल परदेशीं जाईल कीं बंदरावरच सडेल, या गोष्टींचा निकाल आरडाओरड्यानें लागत नाहीं. त्यांविषयीं सरकारास काय ठाऊक आहे व सरकारचा विचार काय आहे, हें मात्र त्या चार ओळींवरून कळूं शकतें. म्हणून रोजगार, उद्योग व परदेशी व्यापार या विषयांवर मंत्र्यांस प्रश्न कसे विचारले जातात, आणि त्यांचीं उत्तरें सुज्ञ गृहस्थानें कशीं वाचावींत, याचा थोडा विचार वाचकांपुढें ठेवण्याचें आम्ही योजिलें आहे.

प्रथम या पद्धतीचा पूर्वेतिहास पाहूं. इंग्लंडच्या पार्लमेंटांत विचारल्या गेलेल्या प्रश्नांपैकीं पहिली नोंद १७२१ सालची असून ती व्यापाराविषयींच आहे. आदल्या वर्षीं साऊथ सी कंपनीच्या भागांचे भाव आकाशास भिडून एकाएकीं कोसळले होते व अनेक कुटुंबें धुळीस मिळालीं होतीं. कंपनीचा खजिनदार रॉबर्ट नाइट परदेशीं पळून गेला होता. तो तेथें पकडला गेला ही वार्ता खरी आहे काय, असें लॉर्ड कूपर यांनीं उमरावांच्या सभागृहांत विचारलें. आपल्याकडे प्रश्नाचा हक्क आला तो १८९२ च्या कायद्यानें. आणि १६ फेब्रुवारी १८९३ रोजीं भिनग्याच्या राजांनीं जो पहिला प्रश्न विचारला, तो दौऱ्यावरील अंमलदारांस शिधासामुग्री पुरवितांना खेड्यांतील दुकानदारांस जे हाल सोसावे लागत त्यांविषयीं होता. तेथें काय आणि येथें काय, आरंभ झाला तो पोटापाण्याच्या प्रश्नानेंच.

परंतु त्या कायद्यानें दिलेला हक्क अर्धाच होता. मूळ प्रश्नास सरकारपक्षाकडून जें उत्तर मिळेल तें ऐकून मुकाट्यानें खालीं बसावयाचें. उत्तरावर उपप्रश्न विचारण्याची मुभा नव्हती. १९०९ च्या कायद्यानें ती मूळ प्रश्नकर्त्यास मिळाली, आणि १९१९ च्या कायद्यानें सर्व सभासदांस. म्हणजे या एका पायरीसाठीं सत्तावीस वर्षें लागलीं. शाळेंत आयुष्य घालविलेल्या आमच्यासारख्यांस त्या पायरीचें मर्म चटकन् कळतें. पहिल्या प्रश्नास विद्यार्थी पाठ केलेलें उत्तर देतो. दुसऱ्या प्रश्नास मात्र त्याला जेवढें समजलें असेल तेवढेंच सांगतां येतें. मंत्र्यांच्या हातीं पहिलें उत्तर कचेरीनें लिहून दिलेलें असतें. त्यांची स्वतःची तयारी दिसते ती उपप्रश्नाच्या वेळीं.

हल्लींची रीत अशी आहे. लोकसभेंत बैठकीचा पहिला तास, म्हणजे अकरापासून बारापर्यंतचा वेळ, प्रश्नोत्तरांचा असतो. राज्यसभेंत २०१४ पासून हा तास दुपारीं बारा वाजतां सुरू होतो. ज्या प्रश्नास तोंडी उत्तर हवें त्यावर तारकेची खूण असते, म्हणून तो तारांकित. बाकीच्यांस लेखी उत्तर मिळतें. सभासदानें निदान पंधरा दिवस आधीं सूचना द्यावयाची, आणि सूचना पुष्कळ आल्यामुळें क्रम चिठ्ठ्या टाकून ठरावयाचा. लोकसभेंत एका दिवसास तारांकित प्रश्न वीस. प्रश्न सामान्यतः दीडशें शब्दांहून मोठा असतां कामा नये. त्यांत युक्तिवाद नको, उपरोध नको, कोणास दूषणें नकोत, आणि काल्पनिक गोष्टीवर मंत्र्यांचें मत मागणेंहि नको. हे नियम वाचले म्हणजे प्रश्न हें हत्यार नसून तें मोजमापाचें साधन आहे, ही त्यामागील दृष्टि ध्यानांत येते.

खेदाची गोष्ट ही कीं, वीसांपैकीं थोड्याच प्रश्नांची पाळी तोंडी उत्तरासाठीं येते. २७ नोव्हेंबर २०१९ रोजीं लोकसभेंत सारेच्या सारे वीस प्रश्न घेतले गेले, तेव्हां १९७२ नंतर प्रथमच असें घडलें म्हणून त्याची बातमी झाली. पुष्कळदां तर गोंधळांत तो तास बुडून जातो. अशा वेळीं लेखी उत्तरें सभागृहाच्या दप्तरांत जातात. परंतु उपप्रश्न मात्र कायमचा हुकतो. ज्यांनीं गोंधळ केला त्यांस वाटतें कीं, आपण मंत्र्यांस अडचणींत आणलें. वस्तुतः त्यांनीं मंत्र्यांची परीक्षकाच्या हातून सुटका केलेली असते.

या प्रश्नाची किंमत व्यापाऱ्यांस आधींपासूनच कळलेली आहे. १९५१ सालीं तात्पुरत्या संसदेंतील मुंबईचे एक सभासद एच्. जी. मुद्गल यांनीं सोन्याचांदीच्या व्यापाऱ्यांच्या बॉम्बे बुलियन असोसिएशनकडून पैसे घेऊन तिच्या हिताचे प्रश्न सभागृहांत उपस्थित केल्याचें उघडकीस आलें. त्याच्या चौकशीसाठीं नेमलेल्या समितीचे अध्यक्ष टी. टी. कृष्णम्माचारी हे होते. सभागृहाचा निर्णय होण्यापूर्वींच मुद्गल यांनीं राजीनामा दिला. तथापि त्यांचें वर्तन हकालपट्टीस पात्र होतें असें सभागृहानें नमूद करून ठेवलें. जो प्रश्न विकत घेण्यासाठीं सराफांची संस्था पैसे मोजते, तो प्रश्न आपल्या हातीं फुकट असतां आपण त्याची उपेक्षा करावी, हें शहाणपणाचें नव्हे.

तेच कृष्णम्माचारी पुढें अर्थमंत्री झाले, आणि प्रश्नाची धार त्यांस स्वतःसहि लागली. विम्याचा धंदा सरकारनें १९५६ त आपल्याकडे घेऊन आयुर्विमा महामंडळ स्थापन केलें. लाखों मध्यम स्थितींतील कुटुंबांनीं पोटास चिमटा घेऊन भरलेले हप्ते त्याच्या तिजोरींत होते. १९५७ च्या जूनमध्यें महामंडळानें हरिदास मुंदडा यांच्या सहा कंपन्यांच्या भागांत सुमारें सव्वा कोटि रुपये गुंतविले. त्याविषयीं लोकसभेंत प्रश्न निघाला. मिळालेल्या उत्तरानें सभासदांचें समाधान झालें नाहीं, म्हणून विषय पुन्हां पुन्हां निघत राहिला. आणि डिसेंबरांत फिरोज गांधी यांनीं सविस्तर माहिती पुढें मांडून सरकारास चौकशी करणें भाग पाडलें. फिरोज गांधी हे सत्ताधारी पक्षाचेच सभासद होते, ही गोष्ट विशेष स्मरणांत ठेवावी. मुंबईच्या उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश एम्. सी. छागला यांनीं मुंबईंतच उघड चौकशी केली, आणि फेब्रुवारी १९५८ मध्यें अर्थमंत्र्यांनीं राजीनामा दिला. अभ्यास करून विचारलेल्या व चिकाटीनें पाठपुरावा केलेल्या एका प्रश्नाची ही शक्ति आहे.

आतां जवळचें उदाहरण घेऊं. नाशिक जिल्ह्यांतील कांदा पिकविणारा शेतकरी परराष्ट्रीय व्यापाराच्या परिभाषेंत बोलत नाहीं, पण तिचे चटके त्यास बसतात. ऑगस्ट २०२३ मध्यें कांद्याच्या निर्यातीवर ४० टक्के शुल्क बसलें. डिसेंबर २०२३ मध्यें निर्यातच बंद झाली. ४ मे २०२४ रोजीं ती खुली झाली, परंतु टनास ५५० डॉलरांहून कमी भावानें माल पाठवूं नये अशी अट व ४० टक्के शुल्क यांसह. सप्टेंबर २०२४ मध्यें किमान भावाची अट गेली व शुल्क २० टक्क्यांवर आलें. आणि १ एप्रिल २०२५ पासून तेंहि उठलें. वीस महिन्यांत निदान पांच वेळां नियम बदलले. आतां याविषयीं प्रश्न विचारावयाचा तर कोणास? निर्यात खुली कीं बंद, हा हुकूम वाणिज्य मंत्रालयाचा; शुल्क अर्थ मंत्रालयाचें; शहरांतील भाव व सरकारी साठा हें काम ग्राहक व्यवहार विभागाचें; आणि पीक किती आलें हें सांगणार कृषि मंत्रालय. नोकरी व उद्योग यांचीहि तीच कथा आहे. श्रम व रोजगार मंत्रालय एक, लहान उद्योगांचें मंत्रालय दुसरें, वाणिज्य व उद्योग तिसरें. मंत्रालयांची वांटणी अशी असल्यामुळें मोघम प्रश्न एका दारावरून दुसऱ्या दारावर फिरत राहतो. ज्यानें तो नेमक्या दारीं नेऊन नेमका विचारला, त्यालाच उत्तर मिळतें.

हें केवळ आमचें तर्कट नव्हे. २०२० च्या टाळेबंदींत कोट्यवधि मजुरांचा रोजगार गेला व ते गांवाकडे निघाले. त्या वर्षींच्या सप्टेंबरांतील अधिवेशनांत साथीमुळें प्रश्नोत्तरांचा तासच वगळण्यांत आला होता. केवळ लेखी उत्तरें मिळत होतीं. १४ सप्टेंबर रोजीं श्रममंत्र्यांनीं लेखी उत्तरांत एक कोटीहून अधिक मजूर आपापल्या राज्यांत परतल्याचें सांगितलें; पण वाटेंत किती मजूर दगावले, या प्रश्नास अशी माहिती ठेवलेली नाहीं असें उत्तर आलें. त्याच महिन्यांत राज्यसभेंत रेल्वेमंत्र्यांस श्रमिक गाड्यांतील मृत्यूंविषयीं विचारलें गेलें, तेव्हां ९७ हा आकडा मिळाला. देश तोच, सरकार तेंच, महिनाहि तोच. परंतु प्रश्न ज्याच्या दप्तरांत नोंद होती त्याच्याकडे गेला, आणि आकडा बाहेर आला. रस्त्यानें पायीं चालत जातांना जे गेले, त्यांचें मात्र त्या उत्तरांत नांवहि नाहीं. पहिल्या उत्तरावर उपप्रश्न विचारतां आला असता, तर माहिती कां ठेवली नाहीं व ती ठेवणें कोणाचें कर्तव्य होतें, एवढें तरी विचारतां आलें असतें.

आतां उत्तर कसें वाचावें, यासंबंधीं दोन शब्द. ‘माहिती गोळा करण्यांत येत आहे व ती सभागृहापुढें ठेवण्यांत येईल’ असें वाक्य दिसलें, तर विषय संपला असें समजूं नये. तें सभागृहास दिलेलें आश्वासन होय. तें पाळलें जातें कीं नाहीं हें पाहण्यासाठीं लोकसभेची स्वतंत्र समिति १९५३ पासून आहे. रोजगाराचा आकडा दिसला, तर त्यांत कोणास धरलें आहे हें विचारावें. २०१७ पासून चालूं असलेल्या सरकारी श्रमबल पाहणींत घरच्या दुकानांत किंवा शेतांत विनावेतन हातभार लावणारी व्यक्तिहि कामावर असलेल्यांतच मोजली जाते. पदवी घेऊन बापाच्या दुकानीं पुड्या बांधीत बसलेला मुलगा त्या हिशेबानें बेकार नव्हे. हा हिशेब खोटा नाहीं. पण पगार किती जणांस मिळतो, हा प्रश्न वेगळा आहे आणि तो वेगळाच विचारला पाहिजे. तसेंच किती कर्जें मंजूर झालीं यावरून किती धंदे उभे राहिले हें कळत नाहीं, कारण एकच मनुष्य दोनदां कर्ज घेतो, व कर्ज घेतलेला धंदा बुडतोहि. निर्यात रुपयांत वाढलेली दिसली, तर ती डॉलरांत किती वाढली हें पाहावें. रुपया घसरला म्हणजे तोच माल कागदावर अधिक मोलाचा दिसतो.

आपल्या परंपरेंत प्रश्नास केवढा मान आहे, हें प्रश्नोपनिषदाच्या नांवावरूनच कळावें. पिप्पलाद ऋषींकडे सहा जिज्ञासु समिधा घेऊन आले, तेव्हां ऋषींनीं त्यांस प्रथम एक वर्ष व्रतस्थ राहावयास सांगितलें. मग हवें तें विचारा, आम्हांस ठाऊक असल्यास सर्व सांगूं, असें ते म्हणाले. विचारणाऱ्यानें तयारी करून यावें आणि उत्तर देणाऱ्यानें आपल्या ज्ञानाची मर्यादा प्रांजळपणें सांगावी, हा दोन्ही बाजूंचा धर्म त्यांत आला. भेद एवढाच कीं, ऋषीस एखादी गोष्ट ठाऊक नसली तर तो त्याचा दोष नव्हे; परंतु जी मोजणें हें ज्याचें काम, त्या मंत्र्यानें ती मोजलेली नाहीं असें सांगितलें, तर तें सांगणें हेंच त्याच्या कारभाराचें उत्तर होय.

मग सामान्य गृहस्थानें करावें काय? उत्तरें गुप्त नसतात. संसदेच्या संकेतस्थळावर तीं इंग्रजींत व हिंदींत कोणासहि वाचावयास मिळतात, आणि घरांतील महाविद्यालयांत जाणारी मुलें तीं क्षणांत काढून देऊं शकतात. आपल्या धंद्याशीं, गांवाशीं वा मुलांच्या नोकरीशीं संबंध असलेलें एखादें उत्तर महिन्यांतून एकदां सर्वांनीं मिळून वाचावें. त्यांत जें वगळलेलें आढळेल, त्यावर दीडशें शब्दांच्या आंत एक प्रश्न तयार करावा. कोणतें मंत्रालय, कोणतें वर्ष, कोणता जिल्हा हें त्यांत स्पष्ट असावें, आणि तो आपल्या मतदारसंघाच्या सभासदाकडे पाठवावा. सभासदांस चांगल्या प्रश्नांची नेहमींच गरज असते. लागलीच उत्तर येईल असें आम्ही म्हणत नाहीं. चिठ्ठींत क्रमांक न लागल्यामुळें प्रश्न मागेंहि पडेल. तसें झाल्यास पुढील अधिवेशनासाठीं तोच प्रश्न पुन्हां पाठवावा.