पुंगळ्या, शिसं आणि पातळ हातमोजे

नेमबाजीच्या रेंजवरून वेचून आणलेल्या पुंगळ्यांच्या डब्यात हात घातला की मिनिटभरात बोटांची पेरं काळी पडतात. इथे अमेरिकेत हौशी नेमबाज या पुंगळ्या टाकून देत नाहीत. साफसूफ करून, नव्याने भरून त्यांचं पुन्हा काडतूस करतात. ‘रिलोडिंग’ हा गॅरेजमधला रीतसर छंदच आहे. (भारतात परवान्याशिवाय काडतुसं बनवणं हा शस्त्र कायद्याखाली गुन्हा आहे.) टेक्सासमधल्या एका शेजाऱ्याच्या बाकावर पुंगळ्या निवडायला मी अधूनमधून बसतो. या कामाला नवखा माणूस हमखास जाडजूड चामडी मोजे घेऊन येतो. त्याला वाटतं, हात पितळेपासून वाचवायचा आहे. खरा धोका त्या काजळीत असतो.

पुंगळीच्या बुडाशी बसवलेल्या प्रायमरमध्ये बहुतेक वेळा लेड स्टिफ्नेट हे शिशाचं संयुग असतं. घोड्याचा आघात झाला की ते पेटतं आणि त्यातलं शिसं भुकटी होऊन पुंगळीच्या आत-बाहेर बसतं. हे शिसं कातडीतून फारसं शिरत नाही. ते तोंडावाटे जातं. बोटावरून सँडविचवर, कपाच्या कडेवर, मोबाईलवर आणि तिथून घरातल्या रांगत्या पोरापर्यंत. मुलांच्या रक्तात शिशाची सुरक्षित म्हणावी अशी पातळी नाहीच. दखल घेण्याची पातळी अमेरिकेच्या ‘सीडीसी’ या आरोग्य संस्थेने २०२१ मध्ये डेसिलिटरला ५ मायक्रोग्रॅमवरून ३.५ वर आणली.

तेव्हा मोज्याने काजळी बाकावरच अडवायची आणि बोटांची जाण मात्र शाबूत ठेवायची. पुंगळ्या निवडणं हे निम्मं बोटांचं काम आहे. मूठभर पुंगळ्या हातात खुळखुळवल्या की चिरलेली पुंगळी फुटक्या मडक्यासारखी बद्द वाजते. मग पुंगळीच्या तोंडावरून बोट फिरवायचं. केसासारखी बारीक चीर डोळ्यांआधी बोटाला लागते. रायफलच्या पुंगळीत बुडाच्या जरा वर, आतल्या बाजूने धातू ताणून पातळ होतो. टोक वाकवलेली तार आत घालून भिंतीवरून वर ओढली की त्या चरात ती किंचित अडते. ते अडणं चिमटीला कळलं नाही, तर पुढच्या बाराला पुंगळी तिथेच तुटू शकते. चामडी मोज्यातून यातलं काहीच कळत नाही.

म्हणून नायट्रायलचे, एकदा वापरून टाकायचे मोजे. लॅटेक्स हाताला छान बसतं, पण काहींना त्याची ॲलर्जी असते आणि तेलकट वंगणाने ते ढिलं पडतं. नायट्रायल तेलाला दाद देत नाही. जाडी ‘मिल’मध्ये मोजतात, एक मिल म्हणजे इंचाचा हजारावा भाग. निवडायला ५ मिलचा, म्हणजे मिलिमीटरच्या जेमतेम आठव्या भागाइतका मोजा पुरतो. नुकत्याच कापलेल्या पुंगळीच्या तोंडाला धारदार कंगोरे राहतात आणि पातळ मोजा त्यावर फाटतो, तेव्हा ८ मिलचा, खरबरीत बोटांचा बरा. माप नेमकं हवं. बोटाच्या टोकाला लोंबणारं रबर पुंगळ्या भरायच्या प्रेसमध्ये चिमटतं. काळे मोजे ऐटदार दिसतात, पण त्यांच्यावर काजळी दिसत नाही. फिक्या निळ्यावर ती लगेच दिसते आणि मोजा कधी बदलायचा ते कळतं.

स्टीलच्या पिना घालून पुंगळ्या पाण्यात घोळवल्या की ते काळं पाणी मनगटाच्या वर येतं. तिथे भांडी घासायचे लांब रबरी मोजे. मक्याच्या भुश्शात कोरड्या घोळवल्या तर धूळ उडते. ती नाकातून जाते, त्यामुळे तिथे मोज्याइतकाच मास्क लागतो. ड्रिलवर पुंगळी कापताना कापडी वा ढगळ मोजा घालायचाच नाही, फिरता चक त्याच्यासकट बोट ओढतो. आणि पुंगळीची मान ज्योतीवर तापवताना नायट्रायल नको, वितळून कातडीला चिकटतं.

साफ केलेल्या पितळेलाही हात जपूनच लावावा. घामाच्या बोटांचे ठसे त्यावर काळपट उमटतात. अमोनिया असलेलं पॉलिश तर या बाकावर वर्ज्यच, आणि त्यामागचा धडा हिंदुस्थानातला आहे. ब्रिटिश फौजेची काडतुसं पावसाळाभर घोड्यांच्या तबेल्यांत ठेवलेली असत; पावसाळ्यानंतर त्यांतल्या कितीतरी पुंगळ्या चिरलेल्या निघत. घोड्यांच्या मुतातला अमोनिया आणि पितळ ओढताना त्यात राहिलेला ताण यांनी मिळून त्या चिरा पाडल्या, हा उलगडा १९२१ मध्ये झाला. काडतुसाच्या पितळेत साधारण ७० टक्के तांबं आणि ३० टक्के जस्त असतं, आणि या मिश्रणाला अमोनिया सोसत नाही.

मोजा काढताना मनगटाशी बाहेरून धरून उलटा सोलायचा, दुसरा आतून बोट घालून पहिल्यावरच उलटवायचा. मळकी बाजू सगळी आत. एवढं करूनही हात साबणाने धुवायचे, नखांखालूनसुद्धा, कारण पातळ मोज्याला पडलेलं टाचणीएवढं भोक दिसत नाही.