लंडनमधले पहिले बारा आठवडे

लंडनमध्ये काही काळ राहिलेल्या मराठी माणसाने ही जोडी एकदा तरी पाहिलेली असते. ट्यूब स्टेशनबाहेर किंवा बसथांब्यावर उभी असलेली दोन तरुण मुलं: पांढरा शर्ट, टाय, पाठीला सॅक, छातीवर काळी नावपट्टी. मुलींचीही अशीच जोडी असते. पट्टीवर फक्त आडनाव असतं, मुलांच्या आडनावाआधी ‘एल्डर’, मुलींच्या आधी ‘सिस्टर’. खाली चर्चचं पूर्ण नाव: द चर्च ऑफ जीझस क्राइस्ट ऑफ लॅटर-डे सेंट्स. जोसेफ स्मिथ यांनी 1830 मध्ये न्यूयॉर्क राज्यात स्थापन केलेला हा पंथ जगभर ‘मॉर्मन’ म्हणून ओळखला जातो. हे टोपणनाव न वापरता पूर्ण नाव घ्यावं, असा आग्रह चर्चने 2018 पासून धरला आहे.

रस्त्यावर आपण त्यांना टाळून पुढे जातो, तेव्हा त्यातल्या एकाला घर सोडून कदाचित महिनाही झालेला नसतो. हे काम नेमकं कसं चालतं, ते त्या नवख्याच्या बाजूने पाहायला हवं.

सुरुवात अर्जाने होते. स्थानिक बिशपची मुलाखत होते, डॉक्टर आणि दंतवैद्य तपासणी करतात आणि कागद सॉल्ट लेक सिटीतल्या मुख्यालयात जातात. कुठे जायचं हे अर्जदाराने निवडायचं नसतं. पूर्वी नेमणुकीचं पत्र टपालाने यायचं, आता ते ऑनलाइन येतं. ते उघडायला आईवडील, भावंडं, मित्र सगळे जमतात, लांबचे व्हिडिओ कॉलवर असतात. पत्रात मिशन म्हणजे कामाचा प्रदेश, भाषा आणि हजर होण्याची तारीख असते. मुलग्यांची सेवा दोन वर्षांची, मुलींची दीड वर्षाची. पगार नाही. उलट ज्यांना परवडतं ती कुटुंबं दरमहा ठरावीक रक्कम चर्चकडे भरतात. त्यासाठी अनेक मुलं शाळेत असल्यापासून सुट्ट्यांत कामं करून पैसे साठवतात. आज जगभर सत्तर हजारांहून अधिक तरुण-तरुणी असं काम करत आहेत.

इंग्लंडमधलं प्रशिक्षण केंद्र लँकशायरमध्ये, प्रेस्टनजवळच्या चॉर्लीला आहे. ही जागा या पंथाच्या ब्रिटनमधल्या इतिहासाला जवळची आहे, कारण 1837 मध्ये प्रचारक हीबर किंबॉल आणि त्यांचे साथीदार अमेरिकेतून पहिल्यांदा इथेच प्रेस्टनला आले आणि रिबल नदीत त्यांनी पहिले बाप्तिस्मे दिले. इंग्रजी येणाऱ्यांचं प्रशिक्षण काही आठवड्यांत उरकतं, त्यातला सुरुवातीचा भाग घरूनच ऑनलाइन होतो. नवी भाषा शिकायची असेल तर मुक्काम वाढतो. केंद्रात ‘प्रीच माय गॉस्पेल’ हे मार्गदर्शक पुस्तक हातात असतं आणि एकमेकांना समोर बसवून शिकवण्याचा सराव चालतो. प्रश्न कसा विचारायचा, समोरचा बोलत असताना गप्प कसं राहायचं, हे तिथे चांगलं शिकवतात. मात्र तिथे समोर बसलेला माणूस ऐकायलाच बसलेला असतो, आणि लंडनच्या फुटपाथवर तसं कुणी नसतं.

शहरात पोचल्यावर स्वागताला मिशनचे प्रमुख असतात. हे बहुधा मध्यमवयीन किंवा निवृत्त जोडपं असतं, आपला व्यवसाय बाजूला ठेवून तीन वर्षांसाठी आलेलं. ते प्रत्येकाशी स्वतंत्र बोलतात, रात्री पोटभर जेवू घालतात आणि लगोलग नव्या मुलाची गाठ त्याच्या ट्रेनरशी घालून देतात. ट्रेनर म्हणजे कुणी मुरलेला पाद्री नव्हे. तो स्वतः एकोणीस-वीस वर्षांचा असतो, कधी कधी वर्षभरसुद्धा अनुभव नसलेला. त्याच्याबरोबर दोन जड बॅगा घेऊन ट्यूबचे जिने चढायचे आणि पुढचे बारा आठवडे तो करेल ते पाहत शिकायचं.

या व्यवस्थेचा सगळा भार ‘कम्पॅनियन’, म्हणजे जोडीदार, या नात्यावर आहे, आणि पहिल्या आठवड्यांतलं सर्वांत अवघड कामही तेच आहे, असं मला ठामपणे वाटतं. बंद दारांबद्दल सगळे बोलतात. पण अठरा वर्षांच्या मुलाला त्याहून जड जातं ते कधीच एकटं नसणं. अंघोळ आणि स्वच्छतागृह सोडलं तर दोघांनी कायम एकमेकांच्या नजरेच्या आणि आवाजाच्या टप्प्यात राहायचं. झोपायची खोली एक, पलंग वेगळे. जोडीदार आपण निवडलेला नसतो. एक टोंगाचा, दुसरा युटाचा असू शकतो. एकाला पहाटे गाणं म्हणायची सवय असते, दुसऱ्याला उठल्यावर तासभर बोलायला नको असतं. एकाला भांडी लगेच घासलेली हवी असतात, दुसरा ती रात्रभर सिंकमध्ये ठेवतो. आठवड्यातून एकदा दोघांनी समोरासमोर बसून काय जमतंय आणि काय खुपतंय ते बोलायचं, असा रिवाज आहे. भांड्यांचा विषय तिथेच निघतो आणि निघायलाच हवा. जी जोडी हे बोलणं टाळते, तिच्यातला अबोला दारात उभ्या असलेल्या परक्या माणसालाही कळतो.

दिवस साधारण साडेसहाला सुरू होतो. अर्धा तास व्यायाम, न्याहारी, मग एकट्याने धर्मग्रंथांचं वाचन आणि पुढे दोघांनी मिळून अभ्यास. नव्या मुलाला या अभ्यासासाठी जास्तीचा वेळ मिळतो. त्यानंतर बाहेर पडायचं ते रात्री नऊच्या सुमारास परतायचं आणि साडेदहाला दिवा बंद. 2017 पासून वेळांमध्ये थोडी लवचीकता आली. सोमवार मोकळा: कपडे धुणं, आठवड्याचं वाणसामान, केस कापणं, घरी ईमेल, थोडं शहर पाहणं. संध्याकाळी पुन्हा काम.

दुसऱ्या दिवसाची आखणी आदल्या रात्री होते. फोनमध्ये चर्चचं ॲप असतं. त्यात आधी भेटलेल्या लोकांची नावं, मागच्या भेटीत काय बोलणं झालं याच्या नोंदी आणि नकाशावर घरं दिसतात. समजा, उद्या साडेअकराला पेकममध्ये एकाने भेटायचं कबूल केलं आहे. तो आला नाही तर? म्हणून त्याच बसमार्गावरची आणखी दोन नावं काढून ठेवायची. तीही घरी नसली तर बाजाराच्या तोंडाशी उभं राहून लोकांशी बोलायचं. भेट चुकणं ही इथली रोजची गोष्ट असल्याने प्रत्येक वेळेला एक पर्याय लिहून ठेवलेला असतो. हा पर्याय नसेल तर नवखा मुलगा पावसात फुटपाथवर नुसता उभा राहतो आणि मनाने तिथेच खचतो.

रस्त्यावर पहिले काही दिवस ट्रेनर बोलतो, नवा ऐकतो. मग ट्रेनर एक पाऊल मागे सरतो आणि म्हणतो, “आता येतील त्यांच्याशी तू बोल.” कानात इअरफोन घातलेली, पावलं वाढवणारी माणसं समोरून येत असतात. पाठ केलेलं वाक्य घशात अडकतं. बहुतेक जण थांबत नाहीत, काही जण “नो, थँक्स” म्हणतात, एखादा चिडून बोलतो. ज्याचं जमतं, तो एक गोष्ट लवकर शिकतो: धर्माची गोष्ट सुरू करण्याआधी त्या माणसाची विचारपूस करायची, आणि ती मनापासून करायची. हल्ली घरोघर बेल वाजवणं पुष्कळ कमी झालं आहे. ओळखीच्या सभासदांनी सुचवलेली नावं, समाजमाध्यमं आणि लोकांना कामात मदत यांतून जास्त भेटी जमतात.

हॅरो, हाउन्स्लो, स्लाउ या भागांत कधी मराठी घराची बेल वाजते. आपल्या काकू दार उघडतात, कोवळी पोरं पाहून “या, आत बसा, चहा टाकते” म्हणतात. पोरं उंबऱ्यातच घुटमळतात आणि चहालाही नको म्हणतात. यात उर्मटपणा नाही. घरात एकटी बाई असेल तर मुलांच्या जोडीने आत जायचं नाही, हा नियम आहे, आणि चहा, कॉफी, दारू, तंबाखू त्यांच्या धर्मात वर्ज्य आहेत. पाणी, दूध, सरबत आनंदाने घेतात. आपल्याकडे, म्हणजे महाराष्ट्रात, या पंथाची पावलं जुनीच आहेत. ह्यू फिंडले नावाचा स्कॉटिश प्रचारक 1851 मध्ये ब्रिटनहून मुंबईला उतरला आणि पुढच्या वर्षी पुण्याला गेला. पण ते काम फार काळ टिकलं नाही.

धर्मांतराविषयी वाचकाच्या मनात प्रश्न असणार, आणि तो रास्त आहे. बाप्तिस्म्याआधी त्या माणसाला चर्चच्या सभांना यावं लागतं, आणि शिकवणाऱ्या जोडीने नव्हे तर दुसऱ्या कुणीतरी त्याची मुलाखत घ्यायची असते. अठराच्या आतल्या मुलाला आईवडिलांची परवानगी लागते. एकाकी परदेशस्थ माणूस नुसत्या मैत्रीखातर होकार देतोय का, हे ओळखण्याइतकं शहाणपण अठराव्या वर्षी क्वचितच असतं. म्हणून दुसऱ्या व्यक्तीने घेतलेल्या मुलाखतीचं मोल मला फार वाटतं.

साधारण तिसऱ्या आठवड्यात घराची ओढ उसळते. नवेपण ओसरलेलं असतं आणि पुढचा काळ अजून अफाट वाटत असतो. चर्चने यासाठी एक पुस्तिका काढली आहे, तिच्यात मनावरचा ताण हिरवा, पिवळा, नारिंगी आणि लाल अशा चार रंगांत ओळखायला शिकवलं आहे. लालपर्यंत न थांबता नारिंगीतच मदत मागावी, एवढं तरी नव्या मुलाला कळायला हवं. 2019 पर्यंत घरी फोन करायची परवानगी वर्षातून जेमतेम दोनदा, नाताळला आणि मातृदिनाला, होती. त्या वर्षीच्या फेब्रुवारीपासून दर आठवड्याला बोलता येतं. हा बदल फार आधी व्हायला हवा होता. जी मुलं तरीही अर्ध्यातून परततात, त्यांच्याकडे गावात वळून पाहिलं जातं, ते अजून थांबलेलं नाही. आजारी पडून किंवा खचून परतलेल्या मुलाचं स्वागत पूर्ण मुदत करून आलेल्यासारखंच व्हायला हवं.

दर सहा आठवड्यांनी बदल्यांचा निरोप येतो. पहिल्या फेरीत ट्रेनर आणि नवा मुलगा बहुधा एकत्रच ठेवले जातात. बाराव्या आठवड्यानंतर अनेकदा ट्रेनर दुसऱ्या भागात जातो आणि नवा तिथेच राहतो. मग येणाऱ्या जोडीदाराला कोणती बस कुठे वळते, कोणत्या इमारतीची बेल बंद आहे, कोणत्या आजींना मंगळवारी सामान वर नेऊन द्यायचं असतं, हे सांगायची जबाबदारी त्याच्यावर येते. कधी कधी येणारा नुकताच चॉर्लीहून आलेला असतो आणि त्याचा ट्रेनर म्हणून नाव असतं ते याचंच.