वाळूखालची नदी

परळी वैजनाथहून गंगाखेडला गेलं की गोदावरी लागते. कमी पावसाच्या वर्षी, उन्हाळ्यात, तिचं पात्र कोरडं ठणठणीत पडतं. पण वाळू उकरत गेलं की ती ओली लागते, आणि आणखी खाली खड्ड्याच्या बुडाशी पाणी झिरपू लागतं. आधी गढूळ येतं. उपसून टाकलं की नितळ. हाच झिरा. मग नदी आटली म्हणायची का?

खडीने भरलेल्या बादलीतही बरंच पाणी मावतं, तसंच वाळूचं. कणांमधल्या फटींतून पाणी उताराच्या दिशेने सरकत राहतं, फक्त अगदी सावकाश. खालचा काळा कातळ त्याला फारसं मुरू देत नाही आणि वरची सुकी वाळू उन्हापासून राखते.

खरी गोम काठावरच्या विहिरींत आहे. आसपासची भूजलपातळी पात्रापेक्षा उंच असेल, तर जमीन नदीला पाणी देते. बोअरच्या उपशाने ती खाली गेली, की नदीच जमिनीत उतरते. वाळवंटात हे बारमाही चालतं. कॅलिफोर्नियातली मोहावी नदी बहुतेक वाट वाळूखालून चालते. अ‍ॅफ्टन घळीत कातळ वर येतो, तेव्हा नाइलाजाने तीही वर येते.

म्हणून वाळूउपसा मला फार खुपतो. १ ब्रास म्हणजे १०० घनफूट वाळू. तिच्या फटींत ८०० लिटरहून जास्त पाणी मावतं, आणि टिपरबरोबर ती जागाच निघून जाते.